‘ॲम्बिग्युइटी’ला संदिग्धता म्हणावे का?

प्रश्न : वाहनाच्या छतावर दोन अँटेना बसवून त्याचे तोंड नेमके कोणीकडे आहे हे उपग्रहांच्या आधारे ठरवण्याच्या पद्धतीवर मी मराठीत लेख लिहीत आहे. त्यात ‘कॅरिअर फेज ॲम्बिग्युइटी’ ही संज्ञा पानोपानी येते. मी तिला ‘वाहक-कला संदिग्धता’ आणि ती सोडवण्याला ‘संदिग्धता-निरसन’ म्हटले आहे, परंतु वाचताना काहीतरी खटकते. अधिक योग्य शब्द सुचवावेत.

प्रतिसाद १ : आपल्याला खटकले ते योग्यच आहे. मराठीत संदिग्ध असते ते एखाद्याचे उत्तर किंवा कराराचे कलम, म्हणजे ज्यातून दोन अर्थ निघतात असे काही. इथे अर्थ एकच आहे, फक्त एक संख्या हाती नाही. जीपीएसच्या एल-१ वाहक तरंगाची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे १९ सेंटीमीटर असते. रिसीव्हर तरंगाचा अपुरा भाग, म्हणजे कला, दोनएक मिलिमीटरपर्यंत अचूक मोजतो आणि सिग्नल पकडल्यापासून पुढे किती तरंग वाढले किंवा घटले याचाही हिशेब ठेवतो. मात्र पकडण्याच्या क्षणी उपग्रहापासून अँटेनापर्यंत पूर्ण तरंग किती होते, हे त्याला थेट मोजता येत नाही. टेपवरच्या मिलिमीटरच्या रेघा स्वच्छ दिसाव्यात आणि मीटरचे आकडे तेवढे पुसले गेलेले असावेत, तशी ही स्थिती आहे. अशा टेपला आपण संदिग्ध म्हणत नाही.

म्हणून मी ‘अज्ञात तरंगसंख्या’ आणि ‘तरंगसंख्या-निश्चिती’ हे शब्द सुचवतो. दोन अँटेना आणि दोन उपग्रह यांच्या मोजमापांची दुहेरी वजाबाकी केली की घड्याळांच्या चुका गळून पडतात आणि उरलेली अज्ञात संख्या पूर्णांकच असली पाहिजे, हे सूत्र हाती येते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठाचे भूगणितज्ञ टॉयनिसन यांनी १९९३ मध्ये मांडलेली लॅम्डा पद्धत अशा परस्परांत गुंतलेल्या अपूर्णांकी अंदाजांचा गुंता आधी सैल करते आणि मग सर्वांत चपखल पूर्णांक शोधते. वाहनाच्या बाबतीत अँटेनांमधले अंतर आधीच ठाऊक असल्यामुळे हा शोध आणखी आवळता येतो : अंतर एक मीटर असेल, तर कोणत्याही एका उपग्रहापासून दोन्ही अँटेनांच्या अंतरांतला फरक फार तर पाच तरंगांच्या आसपास भरेल. निवड एका तरंगाने जरी चुकली, तरी वाहनाचा रोख सुमारे ११ अंशांनी चुकू शकतो.

प्रतिसाद २ : मूळ संज्ञेशी नाते दिसावे म्हणून ‘संदिग्धता’ ठेवावी, असे मला वाटते, विद्यार्थ्याला पुढे इंग्रजी पुस्तकेच वाचायची आहेत. शिवाय रोव्हर (जागोजागी फिरवायचा उपग्रह-रिसीव्हर) घेऊन जमिनीची मोजणी करणारे लोक ‘फिक्स आला’, ‘अजून फ्लोटच आहे’ (म्हणजे संख्या अजून अपूर्णांकी अंदाजावरच आहे) असे म्हणतात. त्यांना आपले दोन्ही शब्द सारखेच परके वाटतील.

प्रतिसाद १ : ‘फिक्स आला’ म्हणजे संख्या पक्की झाली, म्हणजेच निश्चिती झाली, मोजणी करणाऱ्यांच्या बोलीतली ही कल्पना माझ्या शब्दाच्याच बाजूची आहे. मूळ संज्ञेशी नाते पहिल्या उल्लेखात ‘ॲम्बिग्युइटी’ हा शब्द देऊन राखता येईल. संज्ञेची खरी पारख वाक्यात होते, म्हणून ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत : ‘पुलाखालून जाताना काही तरंग निसटले, म्हणून तरंगसंख्या नव्याने निश्चित करावी लागली’ आणि ‘पुलाखाली आवर्तन-स्खलन झाल्याने संदिग्धतेचे पुनर्निरसन करावे लागले’. पहिल्या वाक्यात काय बिघडले आणि पुढे काय केले, हे नवख्या वाचकालाही कळते.

प्रश्नकर्ता : पहिलेच वाक्य घेतो. याच लेखात ‘ॲटिट्यूड’, म्हणजे वाहन कोणत्या दिशेला वळलेले आणि किती कललेले आहे ते सांगणारी संज्ञाही आहे आणि तिथे मी ‘अभिवृत्ती’ लिहिले होते.

प्रतिसाद २ : ते मात्र बदलावे, कारण अभिवृत्ती मनाची असते. एकूण संज्ञेला ‘दिशास्थिती’ म्हणावे आणि तिच्या तीन कोनांना ‘रोख’, ‘उभा कल’ व ‘आडवा कल’.