जुलैत सदरलँड (नॉर्दर्न केप): केपटाउनहून छोट्या गाडीने जावं का?

सह्याद्री_केपटाउन: आईबाबा पुण्याहून येतायत. तिथल्या सॉल्ट या मोठ्या दुर्बिणीत पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेचा वाटा आहे, म्हणून बाबांना सदरलँड बघायचंच आहे. हॅचबॅक, दोन रात्री, सगळं मिळून ४००० रँड. रस्ता आणि मुक्काम सुचवा.

कारूवेडा: सेरीसवरून आर-३५५ ने तांक्वा कारूतूनच जा! आम्ही आमची फोर बाय फोर नेली, असा मोकळा मुलूख आयुष्यात पाहिला नव्हता. थोडे जास्त पैसे घाला, मोठी गाडी घ्या.

मीनल_डर्बन: त्याच रस्त्यावर आमचे दोन टायर फाटले. नुसती धारदार खडी, सेरीस ते कॅल्व्हिनिया सुमारे २५० किमीत एकही गाव नाही. गाडी भाड्याची, विम्यात टायर धरलेच नव्हते. आईवडिलांना घेऊन नको.

गोट्या७२: एन-१ ने मायकिसफोंतेन, तिथून आर-३५४ ने उत्तरेला ११० किमी. पूर्ण डांबरी. फरलातनक्लूफ घाट चढलात की रोखेफेल्डच्या पठारावर. मधे पंप नाही, टाउस रिव्हरलाच टाकी भरा. मुक्काम मायकिसफोंतेनला, तिथलं जुनं हॉटेल आम्हाला फार आवडलं.

मीनल_डर्बन: हो, मायकिसफोंतेनच. आणि जुलै टाळा, सदरलँड देशातलं सर्वात थंड गाव आहे.

कारूवेडा: थंडीसाठी नाव बफेल्सफोंतेनचं, ईस्टर्न केपमध्ये.

मीनल_डर्बन: ते गाव नाही हो. सदरलँड गाव आहे, १४५० मीटरवर, समुद्रापासून लांब, हवा कोरडी. रात्री उणे जातं, बर्फही पडतो.

तारांगण_प्रिटोरिया: मुक्काम मायकिसफोंतेनला केलात तर आकाश बघून मध्यरात्री घाट उतरावा लागेल, ते कुणी सांगत नाहीये. वेधशाळा गावापासून आणखी साधारण १५ किमी पूर्वेला, १८०० मीटरच्या आसपास. सॉल्ट दिवसाच्या फेरीत बघायची: ९१ षटकोनी तुकड्यांचा आरसा. रात्रीच्या फेरीत तिच्यातून बघता येत नाही, पाहुण्यांसाठी छोट्या दुर्बिणी असतात. दोन्हीचं बुकिंग आधी करा, पौर्णिमा टाळा. आणि मार्चमध्ये जा, जुलैत ढग आले तर सगळंच बुडेल.

गोट्या७२: आर-३५४ च. टाकी भरा.

सह्याद्री_केपटाउन: आभार. बाबांना मार्चमध्ये जमणार नाही, जुलैतच जातोय. अमावस्येच्या जवळचे दिवस धरलेत. हॅचबॅक, आर-३५४, दोन्ही रात्री सदरलँड गावातच. शेकोटी असलेलं घर बजेटात मिळालं. ढग आले तरी दिवसाची फेरी होईल, बाबांना आरसा दिसेल.