मदत हवी आहे: आप्पांना डॅलसच्या स्टील गिटार मेळाव्याला न्यायचंय

मंडळी,

आप्पा (माझे वडील, वय ७४, मुक्काम इचलकरंजी) फेब्रुवारीत आमच्याकडे टेक्सासला येतायत. मार्चमध्ये डॅलसच्या परिसरात टेक्सास स्टील गिटार असोसिएशनचा जँबोरी असतो, तिथे त्यांना न्यायचं घाटतंय. प्रश्न शेवटी लिहिले आहेत. आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पहिला प्रतिसाद 'पेडल स्टील म्हणजे काय रे भाऊ' असाच येणार.

आप्पा दिवसा गिरणीत नोकरी करायचे आणि लग्नसराई-गणपतीत ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात स्टीलची दांडी, आणि 'पुकारता चला हूँ मैं' सुरू झालं की मांडवात शिट्ट्या. गिटारवादक व्हॅन शिप्लेच्या तबकड्या त्यांनी झिजेपर्यंत ऐकल्यात. मी फोनवर पेडल स्टीलचा एक व्हिडिओ पाठवला तर लगेच उत्तर, "हे आमचंच की रे, नुसतं टेबलावर ठेवलंय."

त्यांचं निम्मं बरोबर आहे. मूळ एकच: हवाई बेटं, एकोणिसाव्या शतकाचा शेवट, जोसेफ केकुकूचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. तिथून एक वाट कलकत्त्यामार्गे आपल्याकडे आली (ताऊ मो हा हवाईयन कलावंत चाळीसच्या दशकात तिथे राहिला होता), दुसरी अमेरिकेतल्या कंट्री संगीतात शिरली. पण इथल्या मंडळींनी त्याला पेडलं आणि गुडघ्यांचे खटके लावले, तीच ही पेडल स्टील, आणि तिथून वाद्याचा स्वभावच बदलला.

कसा, ते आपल्या भाषेत सांगतो. ई-नाइन हे नॅशव्हिलचं (कंट्री संगीताचं मुख्य शहर) नेहमीचं ट्यूनिंग, म्हणजे तारा लावायची पद्धत, दहा तारा. त्यात सा-ग-प अशा तीन तारा एकदम छेडल्या असं समजा. आता डाव्या पायाने पहिली दोन पेडलं दाबली की प चढून ध होतो, ग चढून म होतो, आणि सा जागचा हलत नाही. दांडीही हलवलेली नसते. म्हणजे दोन सुरांची मींड चालू आणि तिसरा त्यांच्याखाली षड्जासारखा उभा. मांडीवरच्या गिटारीत दांडी सरकवली की सगळ्या तारा एकत्र सरकतात, त्यामुळे हे सहजी जमत नाही. शिवाय गुडघ्याने खटका ढकलला की तोच सा उतरून नी होतो, दुसऱ्या खटक्याने चढून कोमल रे. उजवा पाय सतत व्हॉल्यूम पेडलवर, कारण तार छेडल्यावर आवाज जसजसा विरतो तसतसा तो पायाने वर उचलायचा असतो. दोन हात, दोन पाय, दोन गुडघे, सगळे कामाला. १९५४ साली कंट्री गायक वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने वाजत्या तारेवरच पेडल दाबून सूर चढवला, आणि मग ज्याला त्याला तसंच हवं झालं.

हे सगळं रेकॉर्डवर ऐकू येतं, पण समजतं ते समोर बसल्यावर. म्हणून तर हा खटाटोप.

मागे मी एकटा जाऊन आलो होतो. हॉटेलचा मोठा हॉल, एकामागून एक वादक, साथीला ठरलेला बँड. श्रोते बहुतेक साठी-सत्तरीचे, हॅटवाले, कुणी वॉकर घेऊन आलेले. मला वाटलं होतं टेक्सास आहे, आरडाओरडा असेल. कसलं काय! सूर लागला की चिडीचूप. आणि बघतात कुठे, तर वादकाच्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडेही फारसं नाही. पहिल्या दोन रांगांतले लोक मान वाकडी करून वाद्याच्या खाली बघत असतात, कुठलं पेडल, कुठला गुडघा. माझ्या शेजारचे आजोबा खुर्चीखाली स्वतःचा डावा पाय दाबत होते, पावलाची टाच टेकलेली, चवडा बरोबर त्या जागी आडवा फिरत होता. वादकाने एक लांब सूर तिसऱ्या सप्तकात नेऊन अलगद खाली आणला तेव्हा त्यांच्या तोंडून 'म्म्म' असं काहीतरी निघालं. आपल्याकडे समेवर मान डोलते त्याचाच हा भाऊबंद. वादन संपलं की उभं राहून टाळ्या, आणि मग निम्मे लोक स्टेजजवळ: "ते मधलं तू खटक्याने केलंस की दांडी तिरकी धरून?" वादकही पुन्हा बसून दाखवतो! एवढा मोठा कलाकार हॉटेलच्या लिफ्टमध्ये भेटतो, गप्पा मारतो. सवाई गंधर्वला ग्रीनरूमबाहेर ताटकळलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

एक गोष्ट मात्र खटकते. तरुण माणसं मोजकीच. सेंट लुईसचं मोठं आंतरराष्ट्रीय अधिवेशन, डेविट 'स्कॉटी' स्कॉट यांनी उभं केलेलं, दरवर्षी लेबर डेच्या सुट्टीत भरायचं, ते बंद पडलं. म्हणून आप्पांना 'पुढच्या खेपेला बघू' म्हणायची इच्छा नाही.

आता प्रश्न:

१. मेळावा काही दिवस चालतो, सकाळपासून रात्रीपर्यंत. आप्पांच्या कमरेला एवढं झेपणार नाही. एकच दिवस न्यायचं तर कोणता निवडावा?

२. येण्याआधी त्यांना काय ऐकवावं? त्यांना इंग्रजी गाण्यांचे शब्द कळणार नाहीत आणि त्याची गरजही नाही. वाजवणं कळेल असं हवं.

३. विक्रेत्यांच्या दालनात वाद्यं मांडलेली असतात. तिथे त्यांना पाच मिनिटं बसून बघता येईल का? ते संकोची आहेत, इंग्रजीत तर फारच.

४. स्वतःची दांडी आणायचीच म्हणतायत, पन्नास वर्षं वापरलेली. विमानात हँडबॅगेत चालेल?

५. (हा प्रश्न बायकोने वाचू नये.) शिकाऊ मॉडेल घेऊन इचलकरंजीला पाठवणं कितपत शहाणपणाचं?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद: टेक्सासकर

शनिवारी गर्दी जास्त, पुढच्या खुर्च्या सकाळीच अडतात. त्याआधीचा एखादा दिवस धरा, दुपारी जेवून जा आणि चार तासांत निघा. पाठीला उशी न्या, हॉटेलच्या खुर्च्या कुणाच्याच कमरेला सोसत नाहीत. वादक बसतो त्याच्या डाव्या अंगाला जागा धरा, तिथून गुडघे दिसतात.

प्रश्न ३ चं टेन्शन घेऊ नका. भारतात लॅप स्टील (मांडीवरची गिटार) वाजवायचे एवढं एक वाक्य सांगा, पुढचं तेच लोक करतील. खुर्चीवरून उठू देणार नाहीत, बघा. फक्त आधी विचारल्याशिवाय कुठल्याही वाद्याला हात लावायचा नाही, हा अलिखित नियम आहे.

प्रतिसाद: खर्जातला

ऐकायचं तर बडी एमन्सपासून सुरू करा (१९३७–२०१५). ई-नाइनला आजचं रूप देण्यात त्याचा मोठा हात आहे, आणि १९६३ चा त्याचा 'स्टील गिटार जॅझ' शब्दांविनाच आहे, काकांना गाण्याची अडचण नाही. मग लॉइड ग्रीन, कमी सुरांत भरपूर सांगणारा. आजचा म्हणाल तर पॉल फ्रँकलिन. शेवटी रॉबर्ट रँडॉल्फ: तो कंट्रीतून नाही, हाउस ऑफ गॉड या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आलाय, तिथे स्टील गिटार भजनाला वाजते. ऑर्केस्ट्रावाल्या माणसाला तो लगेच पटेल. नायजेरियाच्या किंग सनी अडेच्या बँडमध्येही पेडल स्टील होती, तेही जमलं तर ऐकवा.

प्रतिसाद: सोल्डरिंगवाला

दांडी चेक-इन बॅगेत टाका. सव्वातीन इंच लांब, भरीव, पाव किलोच्या आसपास. एक्स-रेमध्ये ती कशी दिसेल याचा विचार करा. सुरक्षेवाल्याने काढून ठेवली तर काकांना काय सांगणार?

वाद्य पाठवण्याबद्दल: दोन गळ्यांचं (तारांचे दोन संच असलेलं) मॉडेल केससकट तीस किलोच्या पुढेही जाऊ शकतं, विसरा. एका गळ्याचं, तीन पेडलं चार खटक्यांचं बघा. नवं हजार डॉलरच्या पुढेच असतं. इथला अँप १२० व्होल्टचा, तो नेऊ नका, तिकडचाच घ्या. तारांचे सेट मात्र भरपूर द्या, त्यातही तिसरी तार (०.०११ इंच जाडीची) जास्तीची. सगळ्यात आधी तीच तुटते, कारण पेडलने सारखी ताणली जाते. पेडलच्या सळ्या कुठे, कशा बसतात त्याचे फोटो काढून ठेवा. तिकडे सुतार-फिटर मिळतील, पण त्यांना चित्र दाखवावं लागेल.

प्रतिसाद: नुसताच श्रोता

एवढा खर्च करण्यापेक्षा विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा (मांडीवरच्या गिटारीचंच भारतीय रूप) ऐकवा ना. १९९४ ला ग्रॅमी मिळालंय. मींडच ऐकायची तर तिच्यापुढे हे पेडलबिडल काय?

धागाकर्ता

@नुसताच श्रोता: भट्टसाहेब आणि त्यांच्याआधीचे ब्रिजभूषण काब्रा आप्पांनी भक्तीने ऐकलेत. रागाची मींड तिथेच. पण तीन सुरांतला एक थांबवून दोन हलवायचे, हा वेगळा खेळ आहे, त्याची तुलना नको.

@टेक्सासकर, @खर्जातला, @सोल्डरिंगवाला: मनापासून आभार. शुक्रवार दुपार ठरवतोय. दांडी चेक-इनमध्येच टाकायला सांगितलं, त्यावर फोनवर अर्धा तास वाद झाला. शेवटी मोज्यात गुंडाळून, कपड्यांच्या मधोमध, या अटीवर तयार झाले.

एक राहिलंच. त्यांना वाद्यावर बसवलं तर ते नक्की 'पुकारता चला हूँ मैं' वाजवणार. ई-नाइनवर त्याला कुठली पट्टी सोयीची पडेल? कुणी वाजवून बघितलंय का?