मदत हवी आहे: कृष्णेच्या पुराचं गणित ग्राफिक्स कार्डावर नेलं, पण पाणी नीट चढत नाही

आयर्विनवरून:

नमस्कार मंडळी. मी सांगलीत कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. एमएस्सीची दोन मुलं प्रकल्पासाठी माझ्याकडे आहेत आणि विषय त्यांनीच निवडलाय: कृष्णेला पूर आला की पाणी शहरात कुठून शिरतं, कसं पसरतं, किती वेळ घेतं, हे संगणकावर मांडायचं. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा दोघंही शाळेत होती. धोक्याची पातळी 45 फूट. त्यानंतरच्या एकेका फुटाला कुठल्या गल्लीत पाणी येतं हे इथल्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. पण कोयनेचा विसर्ग वाढला आणि त्याच वेळी वारणाही भरून आली तर काय, हा प्रश्न पाणी यायच्या आधी विचारता यायला हवा. हे काम नीट व्हावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

उथळ पाण्याची समीकरणं वापरतोय. 30 मीटरच्या चौकोनांची जाळी, 2000 बाय 2000, म्हणजे 60 किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद मुलूख. जमिनीची उंची एसआरटीएमची, फेब्रुवारी 2000 मध्ये स्पेस शटलमधून रडारने मोजलेली. प्रत्येक चौकोनात तीन राशी ठेवतो: पाण्याच्या पृष्ठभागाची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि दोन दिशांचा प्रवाह. 15 मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला 12 मीटर धावते, वर प्रवाहाचा वेग. म्हणून वेळेचं पाऊल अर्ध्या सेकंदाचं घेतलंय. तीन दिवसांचा पूर म्हणजे 5 लाख 18 हजार 400 पावलं. पायथनच्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत एका पावलाला पाव सेकंद लागतो, म्हणजे एक पूर चालवायला दीड दिवस.

एका मुलाच्या लॅपटॉपात आरटीएक्स 3050 आहे, 4 जीबीचं. नंबाने, म्हणजे पायथनचा कोड कार्डावर चालवणाऱ्या साधनाने, त्याच्यासाठी कर्नल (कार्डावर प्रत्येक चौकोनासाठी चालणारा छोटा प्रोग्रॅम) लिहिला. वेगासाठी सगळे ॲरे, म्हणजे आकड्यांचे तक्ते, फ्लोट 32 (32 बिटांचे दशांश आकडे, यांनाच सिंगल म्हणतात) केले. प्रत्येक पावलानंतर ॲरे परत आणून कडेच्या चौकोनांत नदीची आवक नमपायनेच भरतो आणि पुन्हा कार्डावर पाठवतो.

पहिली अडचण वेगाची. पाऊल 40 मिलिसेकंदांवर आलं, सहापट फरक. बरं वाटलं, पण ग्राफिक्स कार्डाबद्दल जे ऐकलं होतं त्याच्या हे जवळपासही नाही.

दुसरी अडचण जास्त छळतेय. उत्तरं चुकताहेत, आणि विचित्र पद्धतीने. शोध घ्यायला म्हणून नदी, डोंगर सगळं काढून टाकलं. सपाट तळाची एक टाकी घेतली, पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 545 मीटर, आणि सगळीकडे सारखं पाणी वाढवलं. तासाला एक फूट वाढवलं तर तासाभरात एक फूट पाच इंच वाढ दिसते. तासाला अर्धा फूट वाढवलं तर पाणी हलतसुद्धा नाही. नमपायमध्ये हेच गणित बरोबर येतं. थ्रेड, म्हणजे कार्डावर एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, एकमेकांच्या किमतींवर लिहिताहेत का? कर्नल दोनतीन वेगळ्या पद्धतींनी लिहून पाहिला, दरवेळी तेच एक फूट पाच इंच.

अजिंक्यतारा:

सर, दुसऱ्या अडचणीवर जाणकार बोलतीलच, मी वेगाचं सांगतो. चाळीस लाख चौकोन, प्रत्येकी 4 बाइट, म्हणजे एक ॲरे 16 एमबीचा. तीन राशींचे 48 एमबी. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामधल्या पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेवरून व्यवहारात सेकंदाला 10 ते 12 जीबी जातात. 48 एमबी आणायचे आणि पुन्हा न्यायचे, यातच आठ-नऊ मिलिसेकंद गेले. याउलट कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला 192 जीबी वाहते. तेच 48 एमबी वाचून नवे 48 लिहायला अर्धा मिलिसेकंद पुरतो. म्हणजे खऱ्या कामाला अर्धा आणि ने-आणीला नऊ, असा हिशोब आहे.

तेव्हा ॲरे एकदा कार्डावर चढवले की तिथेच राहू द्या. कडेची आवक भरायला वेगळा छोटा कर्नल लिहा. काम चार-पाच ओळींचं आहे आणि त्यात कार्डाची ताकद वाया जाते असं वाटलं तरी हरकत नाही. चित्रासाठी तास-दोन तासांच्या पुराला एकदाच ॲरे खाली आणा.

तुमची शंका रास्त आहे म्हणून एक खात्री करून घ्या: जुने आणि नवे ॲरे वेगळे आहेत ना? एकाच ॲरेत वाचन आणि लेखन केलं तर शेजारचा चौकोन आधी बदलला की नंतर, हे कुणीच सांगू शकत नाही. एका कर्नलच्या पोटात सगळे ब्लॉक, म्हणजे थ्रेडचे गट, आपोआप एकमेकांसाठी थांबत नाहीत. कर्नल संपला, पुढचा सुरू झाला, तीच सोपी, हमीची थांबण्याची जागा. पण तो घोळ असता तर उत्तर दरवेळी थोडं वेगळं आलं असतं. तुमचं दरवेळी तेच येतंय, म्हणजे कारण दुसरंच आहे.

आणि वेळ मोजताना कर्नल सुरू केल्यावर सिंक्रोनाइझ करूनच, म्हणजे कार्डाचं काम संपेपर्यंत थांबूनच, घड्याळ थांबवा. हुकूम सोडला की पायथन लगेच पुढे जातं, काम मागे चालूच असतं. पहिलं पाऊल मोजणीत धरू नका, नंबा तेव्हा कर्नल कंपाइल करत असतं.

पेठनाका:

सर, तुमचं ते एक फूट पाच इंच वाचून कागद घेऊन बसलो आणि आकडा तंतोतंत जुळला.

फ्लोट 32 मध्ये संख्येचे 24 बिट असतात. 512 ते 1024 च्या दरम्यान लागोपाठच्या दोन संख्यांमधलं अंतर 2 चा उणे 14 वा घात, म्हणजे 0.000061 मीटर. 545 मीटरच्या पुढची लिहिता येणारी संख्या 0.061 मिलिमीटर वर आहे, मधे काही नाही. आता तासाला एक फूट म्हणजे अर्ध्या सेकंदाला 0.042 मिलिमीटर. हे 545 मध्ये मिळवलं की उत्तर जवळच्या पायरीवर बसतं आणि जवळची पायरी वरची, 0.061 ची. तासाची 7200 पावलं, प्रत्येकी 0.061, बेरीज 44 सेंटिमीटर. झाले एक फूट पाच इंच. अर्धा फूट तासाला घेतलात तर भर 0.021 ची, जवळची पायरी खालची, पाणी जिथल्या तिथे. 7200 वेळा मिळवलं तरी जिथल्या तिथेच. नमपाय मुळात डबल, म्हणजे 64 बिटांचे आकडे वापरतं, तिथे संख्येला 53 बिट, म्हणून तिकडे हे दिसलंच नाही.

खऱ्या पुरात सांगलीत पाणी बराच काळ असंच इंचाइंचाने चढतं, म्हणून ही गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. सगळं डबल करावं असं वाटेल, पण या कार्डावर डबलचा वेग सिंगलच्या 64 व्या हिश्शाने आहे. सीडॅकच्या परम सिद्धीत, 2020 साली बसवलेल्या महासंगणकात, एनव्हिडियाचं ए100 आहे, तिथे डबल सिंगलच्या निम्म्या वेगाने चालतं. खेळासाठी बनवलेल्या कार्डात तशी सोय नसते.

उपाय राशी बदलण्याचा आहे. पातळी साठवू नका, खोली साठवा. जमिनीची उंची वेगळ्या ॲरेत असतेच. खोली 10 मीटर असेल तर तिथली पायरी 0.001 मिलिमीटरची, तुमच्या भरीच्या चाळीसाव्या हिश्शाएवढी. उतार काढायला पातळी लागते तिथे सगळ्या मुलुखातून आधीच एक ठरावीक उंची वजा करून ठेवा, म्हणजे नदीकाठचे आकडे लहान राहतात. एकूण पाणी किती याची बेरीज मात्र डबलमध्येच घ्या. चाळीस लाख लहान आकडे एका मोठ्या सिंगलमध्ये मिळवत गेलात तर शेवटशेवटच्या आकड्यांचे बारीक अंक बुडतात.

आयर्विनवरून:

पेठनाका, किती आभार मानू. खोली साठवली आणि टाकीत तासाला अर्धा फूट बरोबर अर्धा फूट चढला. मुलांना तुमचा हिशोब फळ्यावर करून दाखवला. दोन संख्यांमधली पायरी म्हणजे काय हे त्यांना पाठ्यपुस्तकातून कधी इतकं कळलं नव्हतं.

अजिंक्यतारा, ॲरे कार्डावरच ठेवले, जुना-नवा वेगळा होताच. पाऊल 40 वरून 24 मिलिसेकंदांवर आलं. तुम्ही म्हणता तो अर्धा मिलिसेकंद मात्र अजून लांबच आहे. ब्लॉक 32 बाय 8 चा आहे. सिंक्रोनाइझ करूनच मोजलं. शिवाय बहुतेक चौकोन कोरडे असतात, त्यांच्यासाठी कर्नलमध्ये बऱ्याच अटी आहेत. त्यामुळे होत असेल का?

अजिंक्यतारा:

अटींकडे नंतर येऊ. आधी ॲरेमधून किंमत उचलता ती ओळ पाहा. नंबाच्या ग्रिडकडून प्रत्येक थ्रेडला आपल्या जागेचे दोन आकडे मिळतात, त्यातला पहिला एक्स दिशेचा. बहुतेक जण तो पहिला आकडा रांगेचा धरतात आणि दुसरा रकान्याचा, कारण गणितात तीच सवय असते. तसं केलं की शेजारशेजारचे थ्रेड वेगवेगळ्या रांगांतून वाचतात, दोन वाचनांत 8000 बाइटचं अंतर पडतं. कार्ड मेमरीतून एका वेळी किमान 32 बाइट उचलतं, तुम्ही त्यातले 4 वापरता. उलटं करा. पहिला आकडा रकान्याचा, दुसरा रांगेचा. मग 32 थ्रेडचे 128 बाइट सलग येतात.

जाळी 2000 ची आणि 32 ने भाग जात नाही, म्हणजे 63 ब्लॉक लागतात आणि प्रत्येक रांगेचे शेवटचे 16 थ्रेड जाळीबाहेर पडतात. त्यांना सुरुवातीलाच परत पाठवलंय ना, तेही पाहा.

अटींचं असं आहे. 32 थ्रेडची तुकडी, वॉर्प म्हणतात तिला, लेझमाच्या रांगेसारखी चालते: सगळ्यांचं एका वेळी एकच पाऊल. निम्मे ओले आणि निम्मे कोरडे असतील तर आधी ओल्यांचा भाग होतो, कोरडे उभे राहतात, मग कोरड्यांचा. पण असं फक्त पाण्याच्या काठावरच्या वॉर्पमध्ये होतं. पूर्ण कोरडी तुकडी लगेच सुटते. त्यामुळे तिथे डोकं घालू नका. कोरड्याच्या बाबतीत खरी भीती वेगळीच: वेग काढायला प्रवाहाला खोलीने भागता, आणि खोली केसाएवढी असली की वेग आभाळाला भिडतो. एक मिलिमीटरखाली खोली गेली की वेग शून्य, असं सरळ ठरवून टाका.

विश्रामबाग:

मधेच एक भर घालते. सर, तुमच्या कर्नलमध्ये 0.5 किंवा 9.81 असे आकडे उघडे लिहिले असतील तर नंबा त्यांना डबल धरतं. फ्लोट 32 ला त्या 0.5 ने गुणलं की गुणाकार डबलमध्ये होतो आणि साठवताना परत सिंगल होतं. ॲरे सिंगल, हिशोब डबल, आणि या कार्डावर डबल म्हणजे 64 वा हिस्सा. सगळे स्थिरांक आधीच फ्लोट 32 करून घ्या, कर्नलला बाहेरून देता तो वेळेचा आकडासुद्धा. मी उष्णतेच्या वहनाचं काम करताना हे शोधत फार काळ घालवलाय. कुठे चूक दाखवत नाही, नुसतं हळू चालतं.

आयर्विनवरून:

ताई, तेच होतं! गुरुत्वाकर्षणाचा आकडा, वेळेचं पाऊल, सगळं उघडं. ते बदललं, रांग-रकाना उलटा केला आणि आता पाऊल तीन मिलिसेकंदांत होतं. तीन दिवसांचा पूर 26 मिनिटांत. मुलं आज दुपारपासून वेगवेगळे विसर्ग घालून बघताहेत, उठायला तयार नाहीत.

आता शेवटचं विचारतो. एक, नंबावरच राहू की मुलांना क्यूडा सीमध्ये, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डांसाठीच्या सी भाषेत, शिकवू? चांगलं कार्ड घ्यायला कॉलेजकडे पैसे मागू का? दोन, हे सगळं बरोबर आहे याची खात्री कशी करू?

अजिंक्यतारा:

नंबावरच राहा. क्यूडा 2007 पासून आहे आणि थ्रेड, ब्लॉक, वॉर्प, मेमरी या गोष्टी दोन्हीकडे त्याच आहेत. मुलांकडून एक कर्नल, फक्त पाणी मिळवण्याचा, सीमध्ये लिहून घ्या म्हणजे पडद्यामागचं कळेल. बाकी प्रकल्पाचा वेळ नदीला द्या. कार्डासाठी पैसे मागू नका. सगळ्या राशी, जुन्या-नव्या आणि जमीन धरून, 112 एमबीत बसतात, 4 जीबी खूप झाले. दुसऱ्या मुलाला गूगल कोलॅबवर टी4 कार्ड मिळालं तर फुकटात 16 जीबी आणि सेकंदाला 320 जीबीची मेमरी मिळते.

पेठनाका:

खात्रीसाठी पहिली चाचणी स्थिर तळ्याची. ओबडधोबड तळ घ्या, पातळी सपाट ठेवा, हजारो पावलं चालवा. पाणी आपोआप वाहू लागलं तर उताराचं गणित चुकतंय. दुसरी धरणफुटीची. कोरड्या सपाट तळावर 10 मीटर पाणी अडवून भिंत एकदम काढली तर रिटरचं 1892 चं उत्तर कागदावर तयार आहे: भिंतीच्या जागी खोली मूळच्या चार नवमांश, म्हणजे 4.44 मीटर, आणि ती तिथेच टिकून राहते. लाटेचं टोक सिद्धांतात सेकंदाला 19.8 मीटर धावतं. तुमचं थोडं मागे राहील, तेवढं चालतं.

मग नदी. एसआरटीएमला पाण्याखालचं पात्र दिसत नाही, रडार पृष्ठभागावरूनच परततं. उंची पूर्ण मीटरमध्ये असते आणि त्यात झाडं-इमारतींचे माथे मिसळलेले असतात. म्हणून नदीपात्राचे छेद पाटबंधारे खात्याकडून मिळवून जमिनीच्या ॲरेत खोदा, नाहीतर 26 मिनिटांत जे येईल ते चुकीचं उत्तर असेल. वारणा हरिपूरला, आयर्विनच्या खाली मिळते, तेव्हा तिचा फुगवटा मागे चढलेला दिसायला हवा. जाळीची खालची कड नृसिंहवाडीच्या बऱ्याच पुढे ठेवा, पंचगंगाही आत येऊ द्या. आणि तुमच्या पातळीची तुलना पुलावरच्या फुटांशी करण्याआधी त्या मोजपट्टीचं शून्य समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे ते लेखी घ्या. छेद मागायला जाल तेव्हा त्याच अर्जात लिहा.