युद्ध नको, बोला असं सांगणारी जुनी कार्टून्स?

प्रश्न: लोकहो, देशांनी भांडण बोलून मिटवावं असं सांगणारी जुनी राजकीय कार्टून्स सुचवा ना, लेकीचा प्रोजेक्ट आहे, नेहमीप्रमाणे उद्याच द्यायचाय.

उत्तर १: अमेरिकन व्यंगचित्रकार हर्ब्लॉकचं १९६२चं बघा, क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून पेटलेलं प्रकरण नुकतंच निवळलेलं, अमेरिकेचे केनेडी आणि सोव्हिएत रशियाचे ख्रुश्चेव्ह मिळून पेटीचं झाकण दाबून धरतायत, आत अणुयुद्धाचा राक्षस, म्हणतायत याला कुलूप लावू या. पुढच्याच वर्षी दोन्ही देशांत थेट संपर्काची हॉटलाइन सुरू झाली, अणुचाचणीबंदीचा करारपण झाला.

उत्तर २: त्याच वेळचं ब्रिटिश व्यंगचित्रकार इलिंगवर्थचं पण भारीये, हेच दोघं पंजा लढवतायत, बसलेत मात्र बॉम्बवर आणि बोट बटणावर! घाम बघा नुसता.

उत्तर ३: १९१९चं 'पंच' या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकातलं घ्या. राष्ट्रसंघाचा (पहिल्या महायुद्धानंतर शांततेसाठी काढलेली देशांची संघटना) पूल, मधला दगड म्हणजे अमेरिका, तेवढा गायब, आणि अंकल सॅम, म्हणजे अमेरिकाच, त्या दगडाला टेकून सिगार ओढतोय, संघात काही येत नाही. मला तर हेच जास्त बोचतं.