1932 च्या फोर्डची फायबरग्लास प्रतिकृती घ्यावी का?

रविवारचा गॅरेजवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. हॉट रॉडची, म्हणजे वेगासाठी कापून-बदलून घेतलेल्या जुन्या गाड्यांची, हौस जुनीच आहे, पण मुलगी कॉलेजला गेल्यामुळे गॅरेजमधली एका गाडीची जागा आता मोकळी झाली आहे आणि थोडे पैसेही बाजूला पडले आहेत. नेवाडातील एक गाडी सध्या डोळ्यांसमोर आहे: 1932 च्या फोर्ड रोडस्टरची (बिनछपराच्या गाडीची) प्रतिकृती, फायबरग्लासची बॉडी, बाजारातून विकत घेतलेली नवी चासी (खालचा सांगाडा), शेवरलेचे 350 घनइंची, म्हणजे 5.7 लिटरचे, व्ही-8 इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका हौशी गृहस्थाने ती घरच्या गॅरेजमध्ये जोडली होती. सध्याचा मालक 36,000 डॉलर मागतो आहे.

मूळ पत्र्याची 1932 ची रोडस्टर माझ्या आवाक्याबाहेर आहे. ओहायोतील ब्रुकव्हिल येथे पोलादी पत्र्याच्या नव्या बॉडी तयार होतात हे मला ठाऊक आहे, पण तशी पूर्ण झालेली गाडीही माझ्या हिशेबात बसत नाही. मला गाडी चालवायची आहे. रविवारी सकाळी नाइल्स कॅन्यनमधून सुनोलपर्यंत जाऊन यावे एवढीच माफक अपेक्षा आहे. आमच्या घरातील आणि मित्रमंडळींतील मत मात्र "नकली गाडीला एवढे पैसे कशाला?" असे आहे. आपली मते कारणांसह वाचायला आवडतील.

जुने ते सोने

माझे मत स्पष्टपणे विरोधात आहे. एवढ्या पैशांत तुम्हाला खरी जुनी गाडी मिळू शकते, आणि पैसे उरूही शकतात. फोर्डने 1927 ते 1931 या काळात 48 लाखांहून अधिक मॉडेल ए गाड्या बनवल्या. त्यांतील पुष्कळ आजही धावतात, त्यांचे जवळजवळ सगळे सुटे भाग नवे मिळतात आणि साधी हत्यारे वापरता येणारा कोणीही ती गाडी घरी दुरुस्त करू शकतो. इंजिन चार सिलिंडरचे आणि जेमतेम 40 अश्वशक्तीचे आहे हे मान्य, पण नाइल्स कॅन्यनसाठी तेवढे पुरेसे आहे.

फायबरग्लासच्या गाडीला मागे वळून पाहावे असे काहीच नसते. तिचा सगळा इतिहास म्हणजे एक कॅटलॉग, काही पावत्या आणि एका गृहस्थाच्या मोकळ्या संध्याकाळी. पार्किंगमध्ये पहिला जो माणूस बोटाच्या पेराने दार वाजवून पाहील, त्याला तुम्ही काय सांगणार?

खारे मैदान

"जुने ते सोने" यांच्याशी मी पूर्णपणे असहमत आहे, कारण ते हॉट रॉडला वारसावास्तूचे निकष लावत आहेत. 1932 च्या मार्चमध्ये फोर्डने 221 घनइंची, 65 अश्वशक्तीचे व्ही-8 इंजिन 500 डॉलरहून कमी किमतीच्या गाडीत बसवले, आणि पुढे त्या गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात येऊ लागल्यावर लॉस एंजेलिस परिसरातील पोरांनी त्या विकत घेऊन त्यांचे मडगार्ड, बंपर आणि बॉनेट काढून टाकले व म्युरॉक आणि एल मिराज येथील कोरड्या तळ्यांच्या तळावर त्या जीव खाऊन पळवल्या. त्या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी 1937 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. महायुद्धानंतर त्यात सैन्यातून परतलेल्या तरुणांची भर पडली आणि 1949 पासून हीच मंडळी युटातील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावरही उतरली.

या संपूर्ण काळात "मूळ स्थितीतील" गाडीची कोणाला पर्वा होती? 1932 च्या फोर्डचे ब्रेक यांत्रिक होते, म्हणून त्यांनी नंतरच्या फोर्डचे हायड्रॉलिक ब्रेक आणून लावले. गिअर लिंकन गाडीचे घातले. इंजिन कमी पडले तर दुसरे ठोकले. अस्सल हॉट रॉड म्हणजेच कोणीतरी करवतीने कापलेली गाडी. मग बॉडी 1932 साली डिअरबॉर्नला ठोकली की 2004 साली साच्यातून काढली, याने एवढे आभाळ कोसळण्याचे कारण नाही. उलट उरलेल्या मोजक्या अस्सल बॉडी कापण्यापेक्षा प्रतिकृती कापलेली बरी, असे मी म्हणेन.

जुने ते सोने

इतिहास आपण बरोबर सांगितलात, पण निष्कर्ष उलटा काढलात. त्या पोरांनी हाताला जे भंगार लागले त्यातून गाड्या घडवल्या, म्हणून एकीसारखी दुसरी नव्हती. आजच्या फायबरग्लास गाड्यांत पुढचे सस्पेन्शन सत्तरच्या दशकातील फोर्डच्या मस्टँग टू गाडीच्या धर्तीचे, मागचा अ‍ॅक्सल फोर्डचा नऊ इंची, आणि इंजिन ठरलेले शेवरले 350. शंभर गाड्या ओळीने उभ्या केल्या तर रंगाखेरीज फरक सापडणार नाही. ज्या गाड्यांची ही नक्कल आहे, त्या गाड्या कोणाचीच नक्कल नव्हत्या.

(फोर्डच्या बॉडीत शेवरलेचे इंजिन घालणे हा तर स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. ते स्वस्त मिळते आणि आखूड असल्याने त्या चिमुकल्या जागेत बसते, एवढेच त्याचे समर्थन मी आजवर ऐकले आहे.)

सात-बारा

अस्सल-नकलीचा वाद आपण सावकाश घालू. धागाकर्त्यांनी आधी दोन गोष्टी सांगाव्यात: गाडीच्या टायटलवर (मालकीच्या सरकारी कागदावर) साल कोणते लिहिले आहे, आणि त्यावरचा गाडीचा ओळख नंबर गाडीवर नेमका कुठे आहे?

रविवारचा गॅरेजवाला

टायटल नेवाडाचे आहे आणि त्यावर "1932 फोर्ड" असे स्पष्ट लिहिलेले आहे. मालकाने पाठवलेल्या छायाचित्रात फायरवॉलवर (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या आडभिंतीवर) दोन रिव्हेटांनी बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची एक छोटी पट्टी दिसते. नंबर तिच्यावर ठोकलेला असून टायटलशी जुळतो. त्यामुळे कागदपत्रे चोख आहेत असे मी समजत होतो.

सात-बारा

माझ्या मते इथेच थांबावे. 1932 च्या व्ही-8 फोर्डचा नंबर चासीच्या डाव्या पट्टीवर वरच्या बाजूने ठोकलेला असे, तो "18-" ने सुरू होत असे आणि त्याच्या दोन्ही टोकांना चांदणीची खूण असे. फोर्डने त्या काळी फायरवॉलवर पट्टी लावून गाडीची ओळख ठरवलेली नाही. तुमच्या गाडीची चासी बाजारातली आहे, म्हणजे हा नंबर दुसऱ्याच कुठल्यातरी मेलेल्या फोर्डच्या कागदावरून उचललेला असण्याची शक्यता दाट आहे. विकणाऱ्याच्या मनात काळेबेरे असेलच असे नाही, त्यालाही ती तशीच मिळाली असेल. पण परराज्यातील गाडी कॅलिफोर्नियात नोंदवताना नंबरची प्रत्यक्ष पडताळणी होते, आणि तिथे हे उघड झाले तर गाडी अडकून पडेल ती तुमची.

कॅलिफोर्नियात याला सरळ मार्ग उपलब्ध आहे. एसबी 100 या कायद्यानुसार दर कॅलेंडर वर्षात 500 "विशेष बांधणीच्या" गाड्यांना प्रदूषणाच्या बाबतीत बॉडी ज्या सालाच्या गाडीसारखी दिसते त्या सालाचे नियम लावून घेता येतात. 1932 सारखी दिसणारी गाडी त्यामुळे स्मॉग चाचणीतून सुटते. या 500 गाड्यांचे क्रमांक जानेवारीतील कामकाजाच्या पहिल्या दिवसापासून दिले जातात. त्यानंतर रेफरीकडून (स्मॉग तपासणीच्या अधिकृत केंद्राकडून) तपासणी होते आणि हायवे पेट्रोलकडून, म्हणजे महामार्ग पोलिसांकडून, गाडीला तिचा स्वतःचा नंबर मिळतो. मात्र यासाठी गाडी विशेष बांधणीची आहे हे आधी कबूल करावे लागते, आणि "1932 फोर्ड" असे टायटल असताना ते कबूल करायचे म्हणजे आधीचे टायटल खोटे होते हेही ओघाने आलेच. हा गुंता विक्रेत्याने सोडवावा, तुम्ही नव्हे.

विम्याचेही असेच आहे. अशा गाडीचा विमा नेहमी आधी ठरवलेल्या मूल्याचाच घ्यावा, नाहीतर अपघातानंतर कंपनी घसारा वजा करून हातावर तुरी देते. त्या कागदावरही गाडीचे वर्णन खरेच असले पाहिजे.

क्रॅश टेस्ट

मी डेट्रॉइटजवळ राहते आणि माझा व्यवसाय वाहनसुरक्षेशी निगडित आहे, म्हणून कोणी विचारले नसले तरी लिहिते. या गाड्यांचे मला वावडे नाही. 1995 पासून दर ऑगस्टमध्ये आमच्याकडे वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ हा जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, तेव्हा मीही रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसते. पण तिथे गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात.

फायबरग्लासची बॉडी ही केवळ कवच असते. धडकेची ऊर्जा शोषून घेणारे तिच्यात काही नसते. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, छप्पर नाही, आणि पुष्कळदा सुकाणूचा दांडा थेट छातीच्या रोखाने येतो. सीटचे पट्टे कशाला बांधले आहेत ते मी सर्वांत आधी पाहीन: चासीला जोडलेल्या पोलादी चौकटीला, की नुसत्या फायबरग्लासच्या तळाला? खरी 1932 ची गाडीही याहून सुरक्षित नाही हा युक्तिवाद मला मान्य आहे, पण 65 अश्वशक्तीच्या गाडीचा अपघात आणि याच वजनाच्या, चार-पाचपट ताकदीच्या गाडीचा अपघात यांत फरक पडतो. फ्रीवेवर नेणार असाल तर माझे मत विरोधात. पहाटेच्या कॅन्यनपुरती ठेवणार असाल तर मी गप्प बसते, नाखुशीने.

पेठेतला पुणेकर

इथे बसून उंटावरून शेळ्या हाकतो आहे, पण राहवत नाही. आमच्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा आधार घेऊन, उत्पादकाने ठरवून दिलेल्या रचनेशी विसंगत बदल केलेल्या गाडीला नोंदणी नाही असे स्पष्ट केले. तुम्हाला कायदा परवानगी देतो आहे तर मग दुसऱ्याने जोडलेली गाडी का घेता? मॅसॅच्युसेट्सच्या फॅक्टरी फाइव्हचा 1933 हॉट रॉडचा किट (सुट्या भागांचा संच) मिळतो, तो आणून स्वतः जोडा. प्रत्येक नटबोल्ट तुमचा, पावत्या तुमच्या, आणि टायटलही पहिल्या दिवसापासून खरे.

खारे मैदान

किटची सूचना कागदावर छान दिसते, परंतु किटच्या किमतीत इंजिन, गिअरबॉक्स, चाके आणि रंग धरलेले नसतात. रंगाचा खर्च ऐकून भलेभले गार पडतात, आणि अर्धवट जोडलेले किट विकायला काढलेल्या जाहिरातींचा कधी तुटवडा नसतो. दुसऱ्याने पूर्ण केलेली गाडी तिच्या सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा सहसा स्वस्त मिळते. हौसेची किंमत पहिल्या मालकाने मोजलेली असते, ती दुसऱ्याने पुन्हा का मोजावी?

"सात-बारा" यांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही; कागद साफ झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. ते झाले असे धरून, गाडी पाहायला जाल तेव्हा रंगाच्या चकाकीकडे पाहू नका. दरवाजा उघडून बिजागरीभोवतीचा भाग उजेडात तिरका पाहा. आतील मजबुती कमी पडली असेल तर तिथून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पसरलेल्या दिसतात, आणि वरून कितीही रंग दिला तरी त्या पुन्हा उमटतात. दरवाजा थोडा उचलून पाहा, खाली लोंबत असेल तर समजून जा.

मग डॅशबोर्डखाली आडवे होऊन वायरिंग पाहा. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, त्यामुळे पत्र्याच्या गाडीत बॉडीतूनच परत जाणारा प्रवाह इथे प्रत्येक दिव्यापासून वेगळ्या तारेने बॅटरीपर्यंत न्यावा लागतो. कंटाळलेल्या जोडणाऱ्याने नेमकी इथेच चालढकल केलेली असते. उजवीकडचा इंडिकेटर लावल्यावर पेट्रोलचा काटा हलत असेल तर अर्थिंगचा घोटाळा आहे. शेवटी गाडी तापू द्या. 1932 च्या त्या अरुंद जाळीमागचा रेडिएटर मोठ्या व्ही-8 पुढे सहज हात टेकतो, म्हणून चांगली वीसेक मिनिटे जागेवर चालू ठेवून तापमान कुठे स्थिरावते ते पाहा. मालक "आता पुरे" म्हणू लागला तर तुम्हाला उत्तर मिळाले.

जुने ते सोने

एवढे सगळे तपासायचे, शिवाय कागदांची दुरुस्ती करायची, आणि हाती काय, तर प्रतिकृती! मॉडेल ए च्या चासीवर फोर्डचाच नंबर असतो. मी माझे मत बदललेले नाही.

रविवारचा गॅरेजवाला

सर्वांचे आभार. "जुने ते सोने" यांचा आग्रह समजला, परंतु मला चार सिलिंडरची संथ गाडी नको आहे. त्या व्ही-8 चा आवाज हेच माझे निम्मे कारण आहे, आणि त्याबाबत ती गाडी प्रतिकृती नाही. "क्रॅश टेस्ट" ताईंची अट मान्य: फ्रीवेवर नेणार नाही, आणि पट्टे तळाला बांधलेले निघाले तर पोलादी चौकट टाकून घेईपर्यंत कुठेच नेणार नाही.

कागदपत्रांबाबत आज मालकाशी फोनवर बोललो. गाडी नेवाडातच विशेष बांधणीची म्हणून नव्याने नोंदवून, राज्याने दिलेल्या नंबरासह टायटल हाती द्यावे, तरच व्यवहार, असे मी त्यांना कळवले. त्यासाठी 36,000 पूर्ण द्यायचीही तयारी दाखवली. "आजवर कोणालाच अडचण आली नाही," असे ते दोनदा म्हणाले आणि विचार करतो म्हणून फोन ठेवला.

सात-बारा

दोनदा म्हणाले ना? मग बयाणा देऊ नका.