जपानला रेल्वेचा पास घ्यावा की सुटी तिकिटं?

कातळकर (रत्नागिरी)
नमस्कार मंडळी. यंदा आंब्याचा हिशेब बरा लागला. भातकापणी आटोपली की नोव्हेंबरात मी, बायको आणि आई (वय ७३, गुडघे कुरकुरतात) जपानला निघतोय. टोकियोत चार रात्री, क्योटोत तीन, ओसाकात दोन आणि तिथूनच कान्साई विमानतळावरून परत. मधे एक दिवस हिरोशिमा आणि मियाजिमा, कारण पाण्यात उभं असलेलं ते लाल तोरण आईने कॅलेंडरवर पाहिलंय आणि तेव्हापासून तेच धरून बसलीये.

गावातला एक एजंट म्हणतो, सगळ्या जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास डोळे झाकून घ्या. डोळे झाकून मी कलमसुद्धा घेत नाही, पिशवी फाडून मुळं बघतो. पास माणशी ५०,००० येन. येनला साठ पैसे धरले तर तिघांचे नव्वद हजार रुपये! पण तिकडेही आपल्या गणपतीसारखं असेल, सकाळी आठला बुकिंग उघडलं आणि आठ-दोनला वेटिंग, तर पास असलेला बरा असंही वाटतं. कोणी जाऊन आलंय का?

खाडीकाठची
आम्ही गेल्या वर्षी जाऊन आलो. तुमच्या बेताला हा पास नको. ऑक्टोबर २०२३ पर्यंत तो २९,६५० येनला होता, तेव्हा लोक खरंच डोळे झाकून घ्यायचे. तुमचा एजंट अजून तिथेच असावा.

टोकियो ते क्योटो एका बाजूचं शिंकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) तिकीट साधारण १४,००० येन. ते सुटं काढा. तुम्ही टोकियोला परत येतच नाही, म्हणून अर्धा खर्च तिथेच वाचला. पुढच्या भागासाठी कान्साई-हिरोशिमा एरिया पास घ्या. १७,००० येन, सलग पाच दिवस. क्योटो सोडाल त्या सकाळी तो सुरू करा. क्योटो-ओसाका साध्या गाडीने, शिन-ओसाकाहून हिरोशिमा शिंकान्सेनने जाऊन-येऊन, मियाजिमाची जेआरची (जपान रेल्वेची) फेरीबोट आणि शेवटी विमानतळाची हारुका गाडी, सगळं त्यात बसतं. नुसतं शिन-ओसाका-हिरोशिमा परतीचं तिकीटच वीस हजारांच्या वर जातं. फक्त क्योटो ते शिन-ओसाका शिंकान्सेनमध्ये चढू नका, तेवढा तुकडा या पासात नाही.

म्हणजे माणशी ३१,०००. तिघांचे मिळून ५७,००० येन वाचतात, तुमच्या भावाने चौतीस हजार रुपये.

वेटिंगची भीती सोडा. आपल्याकडे ६० दिवस आधी धावपळ, तिकडे बुकिंगच महिनाभर आधी उघडतं. नोझोमी, म्हणजे सगळ्यात वेगवान शिंकान्सेन, तर तासाला कितीतरी सुटतात. एक चुकली तर फलाटावरच उभं राहायचं, दिवा पॅसेंजर चुकल्यासारखं घरी परतायला नको.

बोगदा_नंबर_एक
थोडा विरोध. मी मोठा पास घेतला होता आणि पस्तावलो नाही. पण मी सात दिवसांत टोकियोहून कानाझावाला जाऊन आलो आणि हिरोशिमालाही. सुट्या तिकिटांनी ६५,००० च्या पुढे गेलं असतं. दिवसाआड शिंकान्सेन असेल तरच हा खेळ. आईंच्या गुडघ्यांना तो झेपायचा नाही.

माझी एक फजिती सांगतो. या पासवर नोझोमी फुकट नाही, हे वाचूनही विसरलो आणि टोकियोहून क्योटोला तिच्यातच जाऊन बसलो. तिकीट तपासणारी बाई दोनदा वाकली, हसली आणि ४,९६० येन जादा घेतले. पासवाल्यांनी हिकारी धरायची, अर्धा तास उशीर, बाकी तीच मजा. आणि टोकियोतली मेट्रो कुठल्याच जेआर पासात नाही, त्यासाठी सुइका हे आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड घ्या.

खाडीकाठची
हो, आणि बॅगा! लांबी, रुंदी, उंचीची बेरीज १६० सेंटीमीटरच्या वर गेली तर टोकियो-क्योटो गाडीत मागे सामानाची जागा असलेली सीट आधीच राखून ठेवावी लागते. जादा पैसे नाहीत, पण न राखता चढलात तर १,००० येन. क्योटोला जाताना आईंना उजवीकडची ई सीट द्या, आभाळ स्वच्छ असेल तर फुजी दिसतो. आम्हाला ढगच दिसले, तो भाग वेगळा.

कातळकर (रत्नागिरी)
लाख धन्यवाद. एजंटला हा हिशेब वाचून दाखवला. "साहेब, तुम्ही फार खोलात जाता," म्हणाला. सुटी तिकिटं आणि एरिया पास, ठरलं. आईचा एकच प्रश्न उरलाय: मांडवी एक्स्प्रेससारखं गाडीत डबा उघडून खाल्लं तर चालतं का? तिने आत्तापासून थालीपिठाची भाजणी दळून ठेवलीये.

बोगदा_नंबर_एक
शिंकान्सेनमध्ये खुशाल, शेजारचेही डबे उघडून बसलेले असतात. शहरातल्या लोकलमध्ये मात्र नको. लसणाची चटणी असेल तर झाकण घट्ट लावा म्हणावं.