कॉलेजात काम, श्रद्धा, मूल्यं यावर गट चालवायचाय. रचना कशी ठेवावी?

दादर_टीवाय:
दर पंधरवड्याला बैठक. पुढे काय करायचं, निर्णयात देवाधर्माला जागा किती, कशाशी तडजोड नाही, असे विषय. पंचवीस मुलं येतील. श्रद्धेचा विषय निघाला की आस्तिक-नास्तिक सामनाच रंगतो. काय करावं?

माटुंगा_समुपदेशक:
पंचवीस जण एका गोलात नकोत, आठ-नऊ जणांचे तीन गट करा. पाऊण तास पुरे. साडेपाचनंतर विरार-कर्जतच्या मुलांचं अर्धं लक्ष लोकलकडे. शुक्रवारची दुपारही टाळा, नमाजाची वेळ असते.

मूल्यांच्या चिठ्ठ्यांचा खेळ सगळे घेतात आणि तिथेच फसतात. ‘प्रामाणिकपणा’, ‘कुटुंब’ असं लिहिलंत की जो तो तेच ठेवतो, कारण ठेवायला काही मोजावं लागत नाही. चिठ्ठीवर किंमत लिहा: ‘पगार दहा हजारांनी कमी चालेल, पण रविवार माझा’, ‘आईबाबा मुंबईत आहेत तोवर बाहेरची नोकरी नको’, ‘ऑफिसची पार्टी असली तरी उपास मोडणार नाही’. अशा बारा द्या, सहा ठेवायला सांगा, मग तीन. टाकलेली का टाकली एवढंच विचारा. ठेवलेलीचं समर्थन मागितलं की भाषणं सुरू.

कलमवाला:
प्रार्थनेने सुरुवात करणार असाल तर जपून. संविधानाच्या कलम २८(३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत संमतीशिवाय कुणालाही उपासनेत वा धर्मशिक्षणात भाग घ्यायला लावता येत नाही. अल्पवयीनांसाठी पालकांची संमती हवी, म्हणजे अकरावी-बारावीवाले आलेच. दोन मिनिटं शांत बसा, झालं.

वीट_आणि_कर:
देव आहे की नाही, हा प्रश्नच ठेवू नका. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी. आपल्या संतांच्या नावातच धंदा आहे. तिथून विचारा: कुणी बघत नसतानाही कोणतं काम नीटच करशील? याला नास्तिकही मनापासून उत्तर देतो. (पाहुणे कीर्तनकार मात्र नकोत, मुलं नुसती श्रोते होतात.)

शिबिरवाले_सर:
एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) मुलांना वर्षाचे १२० तास असतातच, वर सात दिवसांचं शिबिर. ते याला जोडा. दर दहा तासांनी वहीत दोन ओळी: कोणतं काम घड्याळ न बघता झालं, कोणतं टाळलं. शिबिराहून परतल्यावर लगेच बैठक नको, आठवडा जाऊ द्या. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच समाजसेवक व्हायचं असतं.

दादर_टीवाय:
सर्वांचे आभार. चिठ्ठ्या बाराच का?

माटुंगा_समुपदेशक:
वीस दिल्या की वाचण्यातच वेळ जातो, आठव्या मुलाची पाळी येत नाही.